नकाशात न मावलेली चिमणी

१५ जून २०२३ रोजी सोलापूरच्या श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची सुमारे ९० मीटर उंचीची चिमणी सुरुंग लावून पाडण्यात आली. होटगी रस्त्यावरील विमानतळाच्या उड्डाणमार्गात ती अडथळा ठरत होती. तिच्यावरून कित्येक वर्षे शहरात दोन तट पडले होते. एकाला विमान हवे होते, दुसऱ्याला उसाचे गाळप वाचवायचे होते. वाद कोर्टापर्यंत गेला आणि शेवटी काही सेकंदांत चिमणी आडवी झाली. कोण बरोबर, कोण चूक यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्या दिवसापासून वेगळाच प्रश्न छळत होता : वैमानिकाच्या नकाशात ही चिमणी मुळात येते कशी?

जुन्या सरकारी नकाशांचा मला नाद आहे. सोलापूर शहर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ४७ ओ/१४ या शीटमध्ये येते. त्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर. उंची समोच्च रेषांनी दाखवलेली असते. डिजिटल नकाशात या रेषांच्या जागी आकड्यांची चौकट येते. जमिनीचे लहान लहान चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनाला उंचीचा एक आकडा द्यायचा, एवढीच त्यामागची कल्पना.

जगाच्या मोठ्या भागाची अशी चौकट हाती आली ती फेब्रुवारी २००० मधील अकरा दिवसांच्या एका अंतराळमोहिमेतून. ‘एंडेव्हर’ यानावरील रडारने पृथ्वीवरील सुमारे ८० टक्के जमीन मोजली. मोहिमेत ‘नासा’बरोबर अमेरिकेच्या संरक्षण खात्याची नकाशासंस्थाही होती. लष्कराला हे आकडे का हवेत, हे उघड आहे. जमिनीलगत उडणारे क्षेपणास्त्र खालच्या चढउतारांवरून आपली वाट ओळखते. सीमेवर रडार कुठे बसवले तर कोणती दरी डोंगराच्या आडोशाला जाईल, हेही याच आकड्यांवरून आधी काढता येते. वैमानिकाला ‘पुढे डोंगर आहे’ असा इशारा देणारे यंत्रही याच विद्येवर चालते. ते तयार होत असताना, नव्वदच्या दशकात, सोव्हिएत काळातील लष्करी नकाशांतील माहितीही त्यासाठी मिळवण्यात आली. युद्धासाठी मोजलेले डोंगर असे प्रवाशांच्या उपयोगी पडले.

पण या चौकटीत चिमणी मावत नाही. सुरुवातीला जगासाठी खुल्या झालेल्या आकड्यांत एक चौकोन सुमारे ९० मीटर लांब-रुंद होता, पुढे तो ३० मीटरचा झाला. एवढ्या जागेला एकच आकडा. चिमणीचा बुंधा त्या जागेचा अगदी थोडा भाग व्यापतो आणि तिची उंची सरासरीत विरून जाते. म्हणून विमानशास्त्रात दोन वेगळ्या वह्या ठेवतात : एक जमिनीच्या चढउतारांची, दुसरी अडथळ्यांची. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार देशभराच्या अडथळ्यांच्या वहीत १०० मीटर वा त्याहून उंच वस्तू नोंदवाव्या लागतात. आपली चिमणी या मापात थोडक्यात बसत नव्हती. विमानतळाच्या परिसरासाठी नियम कितीतरी कडक आहेत, तिथे कमी उंचीच्या वस्तूही मोजाव्या लागतात. डोंगर उपग्रहाला आपोआप दिसतो, चिमणी मात्र कोणीतरी जागेवर जाऊन मोजावी आणि लिहावी लागते.

मोजताना आणखी एक फसगत होऊ शकते. उपग्रहावरून मिळणारी मूळ उंची समुद्रसपाटीपासूनची नसते. ती पृथ्वीच्या एका गणिती, गुळगुळीत आकारापासून मोजलेली असते. भारताच्या दक्षिणेला गुरुत्वाकर्षण कमी असल्याने तिथली समुद्रसपाटी त्या आकाराच्या १०० मीटरहून अधिक खाली आहे. आपल्या भागात हा फरक सत्तर मीटरच्या आसपास आहे. आता समजा, विमानतळाची उंची समुद्रसपाटीपासून धरली आणि चिमणीच्या टोकाची उंची उपग्रहाच्या मूळ आकड्यावरून घेतली, तर नव्वद मीटरची चिमणी कागदावर जेमतेम वीस मीटरची उरेल. यंत्र दोन्ही वेळा बरोबर असेल, शून्य मात्र दोन निरनिराळी असतील. म्हणून १९९८ पासून जागतिक विमानवाहतुकीत अक्षांश-रेखांशांसाठी एकच मोजपद्धत ठरवण्यात आली आणि उंची कोणत्या शून्यापासून मोजली, हे नमूद करणे आवश्यक झाले.

आपल्याकडे या साऱ्यावर दीर्घकाळ गुप्ततेचा पडदा होता. २००५ च्या नकाशा धोरणाने नकाशांच्या दोन मालिका केल्या, एक संरक्षणासाठी आणि दुसरी सर्वांसाठी. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय संस्थांवरील पूर्वपरवानगीची अट काढली. मात्र आडव्या अंतरात १ मीटर आणि उंचीत ३ मीटर यांपेक्षा सूक्ष्म माहिती देशातच साठवण्याचे बंधन ठेवले. सीमेवरील ठाण्यांची माहिती झाकलेली असावी, हे मला पटते. विमानतळाशेजारच्या उंचीच्या मर्यादेचे तसे नाही. ती झाकल्याने शत्रूचे काही बिघडत नाही, तो आकाशातून पाहतोच. अडचण होते ती खाली बांधकाम करणाऱ्याची.

२०१५ च्या उंची-निर्बंध नियमांनंतर रंगांचे पट्टे दाखवणारे नकाशे या कामासाठी वापरले जातात. कोणत्या पट्ट्यात किती उंचीपर्यंत स्थानिक संस्थेने परवानगी द्यायची आणि कुठे थेट विमानतळ प्राधिकरणाकडे जायचे, हे त्यावरून सामान्य माणसालाही कळते. असा नकाशा पाया खणण्याआधी समोर असला तर भांडण कागदावरच मिटते. धूर निघू लागल्यावर समोर आला, तर त्याची किंमत उसाच्या फडात मोजावी लागते.

९ जून २०२५ रोजी सोलापूरहून गोव्याला विमान सुरू झाले. आता होटगी रस्त्याच्या आसपास उभी राहणारी प्रत्येक पाण्याची टाकी, प्रत्येक मोबाइल टॉवर ही त्या दुसऱ्या वहीतली नवी ओळ आहे. ती ओळ बांधकामाआधी लिहायची की सुरुंगाआधी, एवढेच ठरवायचे आहे.