एका तालुक्यातील दोन ऋतू : मिरज भागातील पिकांचे फेरनियोजन

सन २०१९ च्या ऑगस्ट महिन्यात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर चढले. धोक्याची खूण तेथे ४५ फुटांवर आहे. कृष्णा व वारणा या नद्यांच्या काठचा ऊस, सोयाबीन, हळद आणि भाजीपाला कित्येक दिवस पाण्याखाली राहिला. त्याच महिन्यात याच जिल्ह्याच्या पूर्व अंगास, जत-आटपाडीकडे, जनावरांच्या चारा छावण्या चालू होत्या व पिण्याचे पाणी टँकरने पुरविले जात होते. पुढे परतीचा पाऊस नोव्हेंबरापर्यंत रेंगाळला आणि पुरापासून दूर असलेल्या द्राक्षबागा ऐन फुलोऱ्यात सापडल्या. सन २०२१ च्या जुलैत पुन्हा महापूर आला. सन २०२३ मध्ये ऑगस्ट महिना कोरडा गेला, आणि ऑक्टोबरअखेर राज्यातील जे ४० तालुके दुष्काळग्रस्त म्हणून जाहीर झाले त्यांत मिरजेचे नाव होते. पाच वर्षांत दोन महापूर आणि एक दुष्काळ, एवढा अनुभव एका तालुक्याच्या वाट्यास आला आहे. अशा ठिकाणी ‘सरासरी पर्जन्यमान’ या शब्दावर विसंबून पिकांचे नियोजन करणे धोक्याचे होय.

या विसंगतीचे मूळ भूगोलात आहे. मिरज तालुका पर्जन्यछायेच्या कडेला वसलेला असून त्याचा स्वतःचा पाऊस बेताचाच आहे. त्याचा पूर मात्र परका असतो. महाबळेश्वरच्या डोंगरावर वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तो कोयना व कृष्णा यांच्या खोऱ्यांतून खाली येतो आणि हरिपुराजवळच्या संगमावर वारणेच्या पाण्याशी एकत्र होतो. म्हणजे मिरजेत चार दिवस ऊन असले तरी नदी घरात येऊ शकते. यात हवामानबदलाची भर पडली आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी सिद्ध केलेल्या २०२० च्या अहवालाप्रमाणे १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले. १९५१ ते २०१५ या काळात पावसाळ्यातील एकूण पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला. मध्य भारतात एका दिवसात १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडण्याचे प्रसंग मात्र १९५० पासून सुमारे ७५ टक्क्यांनी वाढले. पाऊस कमी आणि मुसळधार अधिक, असा हा प्रकार आहे. मृगावर चाड्यावर मूठ धरावी हा पूर्वजांचा परिपाठ खोटा नव्हता. पण ज्या पावसावर तो आधारला होता त्याची चाल पालटली आहे.

नदीकाठच्या माणसास पुराची ओळख नाही असे नाही. हरिपूरची हळदीची पेवे त्याची साक्ष देतात. तेथील विशिष्ट मातीत खोल खणलेल्या, अरुंद तोंडाच्या या पेवांत हळद वर्षानुवर्षे कीड न लागता राहत असे. पेव उघडले की आतील कोंडलेली हवा निघून जाईपर्यंत कोणी उतरत नसे, इतके ते बंदिस्त असे. पुराचे पाणी येथवर येते आणि यापुढे येत नाही, या पिढ्यांच्या अंदाजावर पेवांच्या जागा ठरल्या होत्या. सन २००५ च्या महापुराने तो अंदाज मोडला, अनेक पेवांत पाणी शिरले व साठा नासला. जुनी पूररेषा आता पुरेशी नाही, हे याहून स्पष्टपणे कोणता अहवाल सांगेल?

तेव्हा तुंग, समडोळी, कवठेपिरान, दुधगाव, अंकली अशा नदीकाठच्या गावांनी आपल्या शिवाराचा पूरपट्टा प्रथम वेगळा काढावा. या पट्ट्यात ऊस हेच पीक तग धरते हे खरे, परंतु कोणत्या वेळी लावलेला ऊस, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. आडसाली लागण जुलै-ऑगस्टात होते. पूर येतो तेव्हा कोंब नुकतेच वर आलेले असतात आणि ते कुजतात. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत केलेली पूर्वहंगामी लागण पुढील ऑगस्टात नऊ-दहा महिन्यांची, माणसाहून उंच असते. शेंडा पाण्याबाहेर राहिला तर असा ऊस वाचतो. शेंडा बुडून कुजला तर कांडीवरील डोळे फुटून पांगशा येतात व वजन घटते. तो ऊस राखण्यात हशील नसते, कारखान्याशी बोलून लवकर तोडावा. आडसालीचे टनेज अधिक पडते, म्हणून हा सल्ला अनेकांस रुचणार नाही. परंतु जे टनेज दर दोन-तीन वर्षांनी नदीत जाते ते हिशेबात धरणे चुकीचे आहे. हळद या पट्ट्यात टाळलेली बरी. साचलेल्या पाण्यात कंदकूज हटकून येते. लावावयाचीच असेल तर उंच जमिनीत, गादीवाफ्यावर, चर काढून लावावी.

पूर ओसरल्यावर दुसरे संकट उरते, ते मिठाचे. अतिपाण्याने आधीच क्षारपड झालेल्या काळ्या जमिनींत पुराचे पाणी मुरते आणि क्षार वर येतात. डिग्रज-दुधगाव भागात जमिनीखाली सच्छिद्र नळ्या घालून निचरा करण्याची कामे झाली आहेत. एकट्याने हे काम होत नाही, कारण पाणी सोडावयास सामाईक चर लागतो. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेजारच्या खातेदारांस एकत्र बसविणे हे येथे खरे विस्तारकार्य होय.

मधल्या काळ्या जमिनींसाठी साधन जवळच आहे. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कसबे डिग्रज येथील संशोधन केंद्राने फुले अग्रणी, फुले संगम व फुले किमया हे सोयाबीनचे वाण दिले. कृष्णाकाठी तांबेरा रोगाने सोयाबीन वाया जात असे, त्यावर फुले संगम विशेष उपयोगी ठरला. मात्र वाण चांगला असला तरी पेरणीची घाई त्यास मारते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोलवर गेल्याखेरीज पेरू नये. रुंद वरंबा व सरी पद्धतीने पेरल्यास पावसाचा खंड पडला तर सरीतील ओल उपयोगी पडते आणि मुसळधार झाली तर तीच सरी पाण्यास वाट देते. शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून सत्तर उगवले तर घरचे बियाणे पेरण्याजोगे समजावे. दुबार पेरणीची पाळी आली तर हाती असावे म्हणून थोडे राखूनही ठेवावे.

पूर्व भागाची कथा निराळी. आरग, बेडग, सलगरे, भोसे, सोनी या बाजूस म्हैसाळ उपसा सिंचन योजनेने कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने वर चढविले आणि माळ हिरवे झाले. हे पाणी आले म्हणजे दुष्काळ गेला, अशी समजूत झाली, ती बरोबर नव्हे. उपशाचे पाणी विजेवर, वीजबिलावर आणि नदीत पाणी असण्यावर अवलंबून असते. सन २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी धाडावे लागले, पहिल्या गाडीच्या १० वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर. त्या पाण्याचे मोल ज्या स्थानकाने पाहिले, त्याच्याच पूर्वेस मोकाट पाण्यावर ऊस वाढावा हे शोभत नाही. ठिबक असेल तरच ऊस, अन्यथा चारा, कडधान्य व ज्वारी, असा पाळीचा नियम पाणीवापर संस्थांनी करावयास हवा. कोरडवाहू जमिनीत रब्बी ज्वारीपूर्वी उतारास आडवे सपाट वाफे पाडून भाद्रपदाचा पाऊस जागीच मुरवावा. हलक्या जमिनीस फुले अनुराधा, मध्यम जमिनीस फुले सुचित्रा किंवा मालदांडी, भारी जमिनीस फुले वसुधा हे वाण निवडावेत.

द्राक्षबागायतदारांचा धोका तारखेत आहे. फळछाटणीनंतर साधारण सहा आठवड्यांत फुलोरा येतो. सप्टेंबरच्या आरंभी छाटलेली बाग परतीच्या पावसात, तर ऑक्टोबरच्या आरंभी छाटलेली बाग नोव्हेंबरच्या अवकाळीत फुलते. २०१९ साली दोन्ही तारखांच्या बागांत केवडा पसरला व मणीगळ झाली. म्हणून सर्व बाग एकाच आठवड्यात छाटू नये, तिचे दोन-तीन भाग करावेत. बेदाण्याच्या शेडवर मार्च-एप्रिलमध्येही ताडपत्री तयार असावी.

आता धोरणाविषयी. दुष्काळ जाहीर करण्याचे माप तालुका हे होते. २०२३ च्या पहिल्या यादीत मिरज आले आणि जत राहिले, तेव्हा त्या मापाची उणीव उघड झाली. पुढे हजाराहून अधिक महसूल मंडळांस दुष्काळसदृश म्हणून सवलती द्याव्या लागल्या. हवामानाधारित फळपीक विमाही मंडळातील हवामान केंद्राच्या नोंदीवर चालतो. माप लहान झाले हे योग्यच झाले, परंतु ज्या तालुक्यात नदीकाठ आणि माळ यांत काही कोसांचेच अंतर आहे तेथे मंडळही मोठे पडते. गावाने स्वतःचा पर्जन्यमापक ठेवून रोज सकाळी नोंद करावी. पावसाच्या खंडाचे दिवस मोजावेत. २००५, २०१९ व २०२१ सालचे पाणी कोणत्या गटापर्यंत आले ते गावच्या नकाशावर तीन रंगांनी दाखवावे. नुकसानीचा पंचनामा करावयास अधिकारी येतील तेव्हा हा नकाशा व ही वही पुढे ठेवता येईल. आणि कोणत्या गटात आडसाली लावू नये, याचा निर्णय ग्रामसभेत जूनपूर्वीच घेता येईल.

अलीकडच्या पावसाळ्यांत म्हैसाळ योजनेचे पंप पुराच्या दिवसांतही चालवून वाहून जाणारे पाणी पूर्वेकडील तलावांत सोडण्याचा उपक्रम झाला आहे. पंपांची शक्ती महापुराच्या मानाने अगदीच थोडी, त्यामुळे याने सांगलीचा पूर उतरेल असे कोणी मानू नये. तलाव मात्र भरतात. त्यासाठी पोटकालवे उन्हाळ्यातच साफ केलेले असले पाहिजेत, आणि हे काम त्या त्या गावाच्या हातचे आहे.