मांजरीचं इन्सुलिन एकट्याच्या डोक्यात ठेवू नका

धंदा एकट्याच्या डोक्यात चालत असेल तर मालक आजारी पडला की शटर खाली. घरातल्या म्हाताऱ्या, मधुमेही मांजरीचंही तसंच. फक्त इथे चूक तिच्या जिवावर बेतते.

इन्सुलिन बहुधा दर १२ तासांनी द्यावं लागतं. तुम्ही माल आणायला बाहेरगावी गेलात, तर देणार कोण? दुसरा माणूस तयार करा आणि फ्रिजवर कागद लावा:

१. आधी खाणं. खाल्लं नाही किंवा उलटी झाली, तर डॉक्टरांना फोन. मनाने डोस नको.

२. बाटली आणि सिरिंज जुळवा. ४० ची बाटली, तर ४० चीच सिरिंज. १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजने त्याच खुणेपर्यंत भरलं, तर डोस अडीचपट होतो.

३. दिलं की लगेच वेळ लिहा. "दिलं का नाही?" अशी शंका आली तर पुन्हा देऊ नका.

४. झोकांड्या, थरथर, एकदम गळून जाणं म्हणजे साखर उतरली असू शकते. हिरड्यांना थोडा मध चोळा आणि थेट दवाखाना गाठा.

वहीत वजन, भूक, पाणीही लिहा. डोस बदलताना डॉक्टरांना ते कामी येतं. उपचार लवकर सुरू झाले आणि आहार सांभाळला, तर काही मांजरींचं इन्सुलिन सुटतंसुद्धा.

कागद आजच लावा. उद्याचं इंजेक्शन तुमच्यासमोर त्या दुसऱ्या माणसाला देऊ द्या.