झोळीच्या दोराची लांबी : माळशिरस तालुक्यातील ऊसतोडीच्या संदर्भात एक विवेचन

सारांश : दोन झाडांमध्ये झोळी बांधताना दोर किती लांब असावा, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात दोरावरील ताण, झोळीची खोली व बालकाची सुरक्षितता या तिन्ही बाबी त्यावर अवलंबून असतात. प्रस्तुत लेखात दोराची लांबी ठरविण्याची सोपी रीत भूमितीच्या आधारे स्पष्ट केली आहे.

बीजसंज्ञा : झोळी, खोडाचा घेर, दोराचा कोन, ताण, ऊसतोड कामगार

प्रस्तावना

सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुका नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यामुळे उसाचा तालुका म्हणून ओळखला जातो. माळीनगर व अकलूज येथील साखर कारखान्यांमुळे या ओळखीस बळ मिळाले. गळीत हंगामात बीड, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांची कुटुंबे अशा ऊसपट्ट्यात येतात व कोप्या उभारून राहतात. नवरा-बायको फडात असताना तान्ह्या मुलाची सोय काय, हा त्यांच्यापुढील रोजचा प्रश्न असतो. जमिनीवर मुंग्या, विंचू व सर्प यांचे भय. शिवाय बैलगाड्या व ट्रॅक्टर यांची सतत ये-जा. अशा वेळी बांधावरील दोन झाडांना दोर लावून जुन्या लुगड्याची झोळी टांगली जाते.

हीच रचना जगात अन्यत्रही आढळते. इ.स. १४९२ मध्ये कोलंबसाला बहामा बेटांवरील ताइनो लोक अशाच झोळ्यांत निजताना दिसले. त्यांच्या ‘हमाका’ या शब्दावरून ‘हॅमॉक’ हा इंग्रजी शब्द रूढ झाला. आज गिर्यारोहक जे हॅमॉक व झाडाचे पट्टे वापरतात, त्यांनाही पुढील विवेचन जसेच्या तसे लागू पडते.

दोराचा कोन व ताण

झोळीतील भार दोन्ही बाजूंचे दोर मिळून पेलतात. तथापि प्रत्येक दोरावर निम्माच भार येतो, हा समज बरोबर नाही. दोर आडव्या रेषेशी जो कोन करतो, त्यावर ताण ठरतो. एकूण भारास त्या कोनाच्या साइनच्या दुपटीने भागले असता एका दोरावरील ताण मिळतो.

झोळीत आठ किलोचे बालक असून त्यास झोका देता देता थोरले भावंडही आत बसले व एकूण भार ३० किलो झाला, असे मानू. दोराचा कोन ४५ अंश असल्यास प्रत्येक दोरावर सुमारे २१ किलोचा ताण येतो. ३० अंशांस तो ३० किलो, २० अंशांस ४४ किलो, १० अंशांस ८६ किलो, तर ५ अंशांस तब्बल १७२ किलो होतो. झोका दिल्याने यात आणखी भर पडते. ४५ अंशांपर्यंत उंच झोका गेल्यास सर्वांत खालच्या बिंदूपाशी भार दीडपटीहून अधिक होतो. शिवाय गाठीमुळे दोराची मूळ ताकद बरीच घटते. म्हणून ३० अंशांच्या आसपासचा कोन सोयीचा मानला जातो. कोन मोजण्यास साधनाची गरज नाही. आडवे सात वीत अंतर गेल्यास दोर चार वीत खाली आला पाहिजे, एवढे पाहिले तरी पुरते.

लांबी कशी ठरवावी

प्रत्येक बाजूच्या दोराचे तीन भाग पडतात : खोडाभोवती जाणारा, खोडापासून झोळीच्या टोकापर्यंत तिरका येणारा आणि गाठीत जाणारा. झाडांमधील अंतरातून झोळीच्या दोन टोकांतील अंतर वजा करून उरलेल्याचे दोन समान भाग करावेत. त्यातील एका भागास १.१५ ने गुणले की ३० अंशांच्या तिरक्या दोराची लांबी मिळते. तीत खोडाचा घेर व गाठीसाठी सुमारे ४० सेंटिमीटर मिळवावेत.

उदाहरणार्थ, दोन बाभळी चार मीटर अंतरावर असून झोळीच्या टोकांतील अंतर १.२ मीटर आहे. प्रत्येक बाजूस १.४ मीटर उरतात. तिरका दोर १.६२ मीटर, खोडाचा घेर ०.९ मीटर व गाठ ०.४ मीटर, असा एकूण २.९२ मीटर दोर एका बाजूस लागतो. झोळीचा तळ जमिनीपासून सुमारे दीड फुटावर राहावा, यासाठी खोडावरील बांध साधारण १.६५ मीटर उंचीवर, म्हणजे स्त्रीच्या डोक्याच्या किंचित वर येतो.

वीतभर दोराचे महत्त्व

खरी अडचण पुढे आहे. एका फडाची तोड संपली की टोळी दुसऱ्या फडात जाते. झाडे बदलतात, दोर मात्र तोच राहतो. नव्या खोडाचा व्यास अवघा साडेसहा सेंटिमीटरने अधिक असला, तरी घेर २० सेंटिमीटरने वाढतो. डोळ्यांना हा फरक सहसा जाणवत नाही. वरील उदाहरणात तेवढा दोर खोडाने घेतल्यास तिरका भाग १.६२ वरून १.४२ मीटरवर येतो. झाडांतील व झोळीच्या टोकांतील अंतर तेच धरल्यास कोन ३० वरून १० अंशांखाली उतरतो आणि ताण जवळजवळ तिप्पट होतो. वीतभर दोर कमी पडल्याचा हा परिणाम होय. त्याचबरोबर कापड ताणले जाऊन झोळी उथळ होते व कूस बदलणारे मूल बाहेर पडण्याचा संभव वाढतो. याउलट दोर फार सैल सोडल्यास झोळी खोल होते, मुलाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वासास अडथळा येऊ शकतो.

जुन्या लिंबाचा घेर अडीच मीटर असल्यास त्याच अंतरासाठी साडेचार मीटर दोर हवा. तो नसेल तर दोर ओढून बसविण्यापेक्षा जवळजवळची किंवा बारीक, परंतु जिवंत व भक्कम खोडांची जोडी निवडणे श्रेयस्कर ठरते. बारीक नायलॉन दोरी सालीत रुतते व झाडास इजा करते. रुंद पट्टा वापरल्यास किंवा दोराखाली गोणपाटाची घडी घातल्यास दाब विभागला जातो.

निष्कर्ष

१. दोराची लांबी झाडांतील अंतरावरून नव्हे, तर अंतर व खोडाचा घेर या दोहोंवरून ठरवावी.

२. जागा बदलताच खोडाचा घेर दोरानेच पुन्हा मोजावा. प्रत्येक बाजूस दोन वाव, म्हणजे सुमारे आठ हात दोर बाळगल्यास सामान्य खोडांसाठी तो पुरतो. जादा दोर गुंडाळून ठेवता येतो. कमी पडलेला वाढविता येत नाही.

३. तान्ह्या मुलासाठी सपाट व घट्ट अंथरूण हेच सुरक्षित होय. झोळी हा नाइलाजाचा उपाय असून तीत मुलास एकटे ठेवू नये. फडाजवळ पाळणाघराची सोय होणे हेच या प्रश्नाचे खरे उत्तर आहे.

४. ती सोय होईपर्यंत राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून विद्यार्थ्यांनी कोप्यांवर जाऊन ही रीत प्रत्यक्ष दाखविल्यास वर्गातील त्रिकोणमिती एका मातेच्या उपयोगी पडेल.