तिसऱ्यांचं खरं देणं लोह नव्हे, बी-12

महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांना रक्तक्षय आहे, हा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतला आकडा पुन्हा चर्चेत आहे. त्यासोबत लोहयुक्त पदार्थांच्या याद्याही मोबाइलवर फिरताहेत. त्यांत शिंपल्यांचं, म्हणजे आपल्या तिसऱ्यांसारख्या जिवांचं, स्थान अगदी वरचं: 100 ग्रॅममध्ये 28 मिलिग्रॅम लोह! हा आकडा अमेरिकी कृषी खात्याच्या जुन्या तक्त्यातला. त्याच खात्याने पुढे तो सुधारून शिजवलेल्या शिंपल्यांसाठी जेमतेम 3 मिलिग्रॅमवर आणला. भारतीय स्त्रीची रोजची गरज 29 मिलिग्रॅम धरतात, म्हणजे एकट्या तिसऱ्यांवर भिस्त ठेवून भागणार नाही.

तरीही मी तिसऱ्यांची बाजू घेईन, ती बी-12 जीवनसत्त्वासाठी. हे जीवनसत्त्व ना झाडं बनवतात, ना प्राणी. ते बनवतात जिवाणू. तिसरी खाडीचं पाणी गाळून त्यातले सूक्ष्म कण खाते आणि बी-12 तिच्या मांसात साठतं. 100 ग्रॅम कच्च्या मांसात ते साधारण 11 मायक्रोग्रॅम असतं. आपली रोजची गरज दोन-अडीच. शिवाय प्रथिनं 15 ग्रॅमच्या आसपास आणि चरबी फक्त एक ग्रॅम. मात्र आतडं एका जेवणातून दोनेक मायक्रोग्रॅमपेक्षा फारसं शोषत नाही. त्यामुळे एकदाच भरपेट खाण्यापेक्षा थोड्या तिसऱ्या अधूनमधून खाणं शहाणपणाचं.

बी-12चं मोल कळायला पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम पाहावं. 1993 मध्ये त्यांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतल्या मातांचा अभ्यास सुरू केला. गरोदरपणी त्यांतल्या जवळपास दोन-तृतीयांश जणींमध्ये बी-12 कमी आढळलं. मुलं सहा वर्षांची झाल्यावर तपासली, तेव्हा ज्यांच्या आईत बी-12 कमी आणि फोलेट जास्त होतं, त्या मुलांमध्ये इन्सुलिनला होणारा विरोध सर्वाधिक दिसला. मधुमेहाची मुळं आईच्या ताटापर्यंत जातात, हे आपल्याच मातीतल्या संशोधनाने दाखवलं. रक्तक्षयाची चर्चा लोहाच्या गोळ्यांपाशीच थांबते, याचं म्हणूनच वाईट वाटतं. बी-12 कमी पडलं तरी रक्त नीट तयार होत नाही.

कोकणातल्या स्वयंपाकघरांत तिसऱ्या विळीवर उघडताना सुटणारं पाणी जपून कालवणात घालतात. बी-12 पाण्यात विरघळतं, तेव्हा ही रीत पोषणाच्या दृष्टीनेही योग्यच. एका शिंपेसकट शिजवायच्या एकशिपीत तर मांस शिंपेतच राहतं आणि रस मसाल्यात मुरतो.

पण गाळून खाणारा जीव सांडपाणीही गाळतो. जिवाणू आणि कावीळ अ चा विषाणू नीट शिजवल्याने मरतात. जड धातू आणि काही शेवाळांची विषं शिजवूनही जात नाहीत. युरोपात शिंपल्यांतले मैलाजन्य जिवाणू मोजून खाड्यांची प्रतवारी करतात आणि मधल्या प्रतीचा माल स्वच्छ पाण्यात ठेवून मगच बाजारात आणतात. आपल्याकडे प्रत्येक तिसऱ्यांच्या खाडीची अशी तपासणी व्हावी आणि तिचे निकाल मासळीबाजारात मराठीत लावले जावेत. ओहोटीला चिखलात उतरून तिसऱ्या काढणाऱ्या बायकांचा धंदाही त्यावरच टिकेल.