हँडहेल्ड लेझर वेल्डिंग मशीन घेताय? आधी वॅट नाही, चावी आणि चिमटा तपासा



कोपरगावपासून शिर्डी जेमतेम पंधरा किलोमीटर. तिथली हॉटेलं, भक्तनिवास, खानावळी यांना स्टेनलेस स्टीलचं काम वर्षभर लागतं. किचनचं टेबल, सिंक, जिन्याचं रेलिंग, दर्शनी गेट, पाण्याच्या टाकीचं स्टँड. हे काम आपल्याकडचे फॅब्रिकेटर टिग वेल्डिंगवर करतात, आणि टिगचा चांगला कारागीर मिळणं म्हणजे लग्नाला मुलगी मिळण्याइतकं अवघड झालंय. म्हणून सध्या वर्कशॉपवाल्या पोरांच्या डोक्यात एकच गोष्ट घोळतेय: हातात धरायची लेझर वेल्डिंग गन.

मशीन खरंच चांगलं आहे, हे आधी सांगतो. १ ते ३ मिलिमीटरच्या एसएस पत्र्यावर टिगपेक्षा कितीतरी वेगाने सांधा होतो. पत्रा वाकडा होत नाही, काळं पडत नाही, त्यामुळे ग्राइंडिंग-बफिंगचा वेळ वाचतो. शिकायला वर्ष लागत नाही, काही दिवसांत हात बसतो. १५०० वॅटच्या मशीनवर एका बाजूने साधारण ३-४ मिलिमीटरपर्यंतचं काम होतं. ट्रॅक्टर ट्रॉलीची जाड चॅनल जोडायची असेल तर तुमचं जुनं आर्कच बरं. आणि कटिंग कच्चं असेल, दोन तुकड्यांत फट राहत असेल, तर लेझर त्या फटीतून आरपार निघून जातो. वायर फीडर लावला तर थोडी फट चालते, पण हातकटरने अंदाजे कापलेल्या पाईपला हे मशीन माफ करत नाही.

कामाचं एवढं पुरे. आज मला बोलायचंय ते कोटेशनमध्ये शेवटच्या ओळीत 'सेफ्टी फीचर्स : येस' असं लिहिलेलं असतं, त्या एका ओळीबद्दल.

हा लेझर दिसत नाही

गनच्या टोकाला लाल ठिपका दिसतो ना, तो लेझर नव्हे. म्हणजे लेझरच आहे, पण फक्त निशाणा दाखवणारा, अगदी मिणमिणता. वेल्डिंग करणारा किरण १०७०-१०८० नॅनोमीटरचा असतो. आपल्या डोळ्याला साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरचाच उजेड दिसतो. त्यामुळे खरा किरण कुठून कुठे गेला हे कुणालाच दिसत नाही.

डोळ्यावर झगझगीत उजेड पडला की आपण पाव सेकंदात पापणी मिटतो. इथे उजेडच दिसत नाही, मग पापणी मिटणार कशी? आणि ही तरंगलांबी बुबुळातून, भिंगातून आरपार जाऊन थेट पडद्यावर पोचते. भिंग तिला एका ठिपक्यावर गोळा करतं, उन्हात भिंग धरून कागद जाळतो तसं. पडद्यापर्यंत जाताना तीव्रता लाखपटीच्या घरात वाढते. पडद्याला दुखतं हे कळवणाऱ्या नसा नसतात, म्हणून त्या क्षणी काही जाणवेलच असं नाही. नंतर समोरच्या माणसाच्या चेहऱ्याच्या जागी डाग दिसायला लागतो, तेव्हा कळतं. जळलेला पडदा चष्म्याने सुधारत नाही.

आकडा समजून घ्या. शाळेत वापरायच्या लाल पॉइंटरची मर्यादा साधारण ५ मिलिवॅट धरा. १५०० वॅट म्हणजे त्याच्या तीन लाख पट. अर्ध्या वॅटच्या वरचा सतत चालणारा लेझर 'क्लास ४' या सगळ्यात धोकादायक गटात येतो, आपलं मशीन त्याच्या तीन हजार पट आहे. २०२३च्या गणेशोत्सवात पुणे, नाशिक, कोल्हापूरकडून डीजेसमोरच्या लेझरने तरुणांच्या डोळ्याच्या पडद्याला इजा झाल्याच्या बातम्या आल्या होत्या, आणि पुढच्या वर्षी पुण्यात पोलिसांनी मिरवणुकीतल्या लेझर बीमवर मनाई आणली. मिरवणुकीतले ते लेझर या वेल्डिंग मशीनपुढे फारच किरकोळ.

त्यात आपण काम करतो एसएसवर, म्हणजे जवळपास आरशावरच. किरण पत्र्यावर तिरका पडला तर उरलेला भाग उडून दुसरीकडे जातो. वेल्डरने गॉगल घातलेला असतो, पण चहा घेऊन आलेल्या पोराने घातलेला नसतो. शेजारच्या गाळ्यातला माणूस सहज डोकावतो. माझ्या मते या मशीनचा सगळ्यात जास्त धोका मालकाला नाही, मदतनीसाला आहे.

(जाता जाता एक गोष्ट, अभिमानाची आहे म्हणून. उद्योगात प्रचंड वापरला गेलेला कार्बन डायऑक्साइड लेझर १९६४ साली अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये शोधला तो कुमार पटेल यांनी. जन्म बारामतीचा, इंजिनिअरिंग पुण्याच्या सीओईपीतून. आपल्या हातातली गन फायबर लेझरवर चालते, ते घराणं वेगळं.)

डेमोला जाल तेव्हा

नाशिक, पुणे, संभाजीनगर, कुठेही डेमोला गेलात की विक्रेता एक चकचकीत सांधा मारून दाखवतो. बघा, कौतुक करा, आणि मग म्हणा, "साहेब, आता मशीन बंद पडतं का ते दाखवा." तपासणी त्यांच्याच माणसाकडून करून घ्या, सगळ्यांनी गॉगल घालून, गनचं तोंड खाली भंगार पत्र्याकडे ठेवून. हवेत किंवा माणसांच्या दिशेने गन कधीच नाही.

पहिली तपासणी चिमट्याची. चांगल्या मशीनला एक अर्थ क्लॅम्प असतो, आपण त्याला चिमटा म्हणू. चिमटा कामाच्या पत्र्याला लावला आणि गनचं नोझल त्या पत्र्याला टेकलं, तरच सर्किट पूर्ण होतं आणि लेझर निघतो. नोझल उचललं की किरण बंद. आता चिमटा काढायला सांगा आणि नोझल पत्र्याला टेकवून ट्रिगर दाबायला सांगा. काहीही निघता कामा नये. मग चिमटा लावून, वेल्ड चालू असताना नोझल सावकाश उचलायला सांगा. लगेच थांबलं पाहिजे. "अर्धा सेकंद चालतंच हो" असं कुणी म्हणालं तर ते मशीन सोडून द्या.

या सोयीच्याही मर्यादा आहेत. नोझल टेकलेलं असतानाही तिरक्या कोनातून किरण परावर्तित होतोच. शिवाय लोखंडी टेबलाला चिमटा कायमचा लावून ठेवला, तर टेबलावरची प्रत्येक धातूची वस्तू 'काम' समजली जाते. आणि आपली जुगाडू बुद्धी! घाईत कारागीर गन आणि चिमटा एका वायरने जोडून टाकतो, म्हणजे 'सारखं सारखं बंद पडायची कटकट नको'. वर्कशॉपमध्ये अशी वायर दिसली तर त्या दिवशी काम बंद ठेवा.

दुसरी, दरवाजाचं सर्किट. मशीनच्या मागे इंटरलॉकचे दोन टर्मिनल असतात. केबिनच्या दाराला लिमिट स्विच लावून तिथे जोडायचा, दार उघडलं की लेझर बंद. बऱ्याच ठिकाणी मशीन येतं तेव्हा त्या टर्मिनलवर छोटा जंपर मारलेला असतो, म्हणजे दार कायमचं 'बंद' असल्याचं मशीनला खोटंच सांगितलेलं. डेमोत तो जंपर काढायला लावा. काढल्यावरही लेझर निघाला, तर ते टर्मिनल शोभेचे आहेत.

बाकीचं भराभर बघता येतं. चावी काढली की मशीन मेलं पाहिजे, आणि चावी तुमच्या खिशात राहिली पाहिजे, मशीनला लटकलेली नको. लाल इमर्जन्सी बटण दाबून परत सोडलं की लेझर आपोआप सुरू होता कामा नये, वेगळं चालू करावं लागलं पाहिजे. ट्रिगर चुकून दाबला गेला तर? काही गनला दोनदा दाबावं लागतं, ती पद्धत चांगली. पाण्याचा चिलर बंद केला किंवा गॅसचा दाब उतरला की अलार्म येऊन मशीन थांबतं का, तेही बघा. हे शेवटचं तुमच्या डोळ्यापेक्षा मशीनच्या जिवासाठी जास्त, पण पैसे तुमचेच आहेत.

गॉगल : 'हिरवी काच आहे' हे उत्तर चालत नाही

मशीनसोबत एक हिरवा चष्मा फुकट येतो. त्याच्यावर काय छापलंय ते वाचा. दोन गोष्टी हव्यात: कोणत्या तरंगलांबीसाठी, आणि ओडी किती. ओडी म्हणजे किरण किती शून्यांनी कमी होतो. ओडी ६ म्हणजे दहा लाखांतला एक भाग आत येतो. १५०० वॅट सरळ आले तर ओडी ६च्या मागे दीड मिलिवॅट उरतो, ओडी ७च्या मागे ०.१५ मिलिवॅट. म्हणून १०७०-१०८० नॅनोमीटरला ओडी ७ किंवा वरचा मागा, आणि युरोपच्या ईएन २०७ मानकाचा छाप बघा. नुसता रंग बघून काहीच कळत नाही. छाप नसलेला चष्मा म्हणजे उन्हाचा चष्मा.

हा गॉगल उडालेल्या किरणासाठी आहे. थेट किरण रोखून धरायचं काम तो काही सेकंदच करू शकतो, त्यापुढे त्याचंच प्लास्टिक जळतं. तुमचं रोजचं ऑटो-डार्क हेल्मेट आर्कच्या उजेडासाठी बनवलेलं असतं, लेझरसाठी त्याची चाचणी झालेली नसते. लेझरसाठी प्रमाणित हेल्मेट वेगळं मिळतं.

आणि केबिन! इथे सगळ्यात मोठा गैरसमज आहे. 'बाहेरून काम दिसावं' म्हणून लोक पारदर्शक ॲक्रिलिक नाहीतर पॉलिकार्बोनेटची भिंत करतात. हा किरण त्यातून आरामात बाहेर येतो. साध्या काचेतूनही येतो. केबिन लोखंडी पत्र्याची करा, आतून मॅट काळा, न पेटणारा रंग, छताकडेही फट नको. बघायला खिडकी हवीच असेल तर लेझरसाठी प्रमाणित काचेची, नाहीतर कॅमेरा लावा, तो स्वस्त पडतो. धूर ओढायला एक्झॉस्ट हवाच. एसएसच्या धुरात क्रोमियम-निकेल असतं, जीआय पत्र्याच्या धुरात जस्त, आणि बंद केबिनमध्ये आर्गन साठला तर प्राणवायू कमी होतो. आत थिनर, पुठ्ठा, कापडी पडदा काही नको.

आता खरा हिशोब

पद्धत दाखवतो, आकडे तुमच्या कोटेशनमधले टाका. समजा मशीन ४,००,०००. जीएसटी १८ टक्के म्हणजे ७२,०००. पत्र्याची केबिन आणि लिमिट स्विच ४०,०००. तीन जणांचे प्रमाणित गॉगल १८,०००. हेल्मेट १०,०००. एक्झॉस्ट १५,०००. स्टॅबिलायझर आणि स्वतंत्र अर्थिंग २५,०००. जादा प्रोटेक्शन लेन्स आणि नोझल १२,०००. एकूण ५,९२,०००. यातला केबिन, गॉगल, हेल्मेट, एक्झॉस्टचा भाग ८३,०००, म्हणजे मशीनच्या किमतीच्या पाचव्या हिश्श्याच्या जरा वर. चार लाखांचं कर्ज काढून बसलात तर हे ८३ हजार कुठून आणणार? आणणार नाहीच, आणि बिनाकेबिनचं काम सुरू होणार. होतं ते असंच.

म्हणून प्रोजेक्ट रिपोर्टमध्येच या वस्तू मशीनरीच्या यादीत, कोटेशनसह टाका. पीएमईजीपीमधून करत असाल तर सर्वसाधारण गटाला शहरी भागात १५ टक्के आणि ग्रामीण भागात २५ टक्के अनुदानाचं प्रमाण आहे, विशेष गटांना २५ आणि ३५. कोपरगाव नगरपालिका हद्दीत गाळा आणि तालुक्यातल्या गावात शेड, यात अनुदानाचा फरक पडतो. अर्जाआधी जिल्हा उद्योग केंद्रात चालू नियम विचारून घ्या. जीएसटी नोंदणी नियमित असेल तर ७२ हजारांचं क्रेडिट मिळतं, कंपोझिशनमध्ये मिळत नाही.

विजेचंही बघा. १५०० वॅट हा किरणाचा आकडा आहे. चिलर धरून मशीन सहा-सात किलोवॅटच्या आसपास ओढतं. मंजूर भार तेवढा आहे का ते बिलावर लिहिलेलं असतं. पावसाळ्यात चिलरचं पाणी फार थंड ठेवलं तर लेन्सवर दव धरतं आणि लेन्स जळते, म्हणून विक्रेत्याकडून पावसाळ्याचं तापमान लिहून घ्या.

आता एक मोह. आपल्या तालुक्यात कोल्हे आणि काळे असे दोन साखर कारखाने आहेत, गळीत संपलं की दुरुस्तीची कामं निघतात. गंज काढायची लेझर क्लीनिंग गनही विक्रेते याच वेळी दाखवतात. "साइटवर घेऊन जा, पोर्टेबल आहे." क्लीनिंग गनचं नोझल कामाला टेकतच नाही, ती अंतरावरून चालते, म्हणून तिला चिमट्याचं संरक्षण नसतं. साइटवर केबिन नाही, येणारी-जाणारी माणसं शंभर, आणि बाजूला वाळलेलं बगॅस. पहिलं वर्ष तरी हे काम घेऊ नका. मशीन स्वतःच्या शेडमध्ये, दाराला स्विच, बाहेर लाल दिवा, आणि आत नाव लिहिलेली दोनच माणसं. त्या दोघांची डोळ्यांची तपासणी काम सुरू करायच्या आधी करून कागद फाईलला लावा, म्हणजे पुढे काही झालं तर आधी नजर कशी होती हे सांगता येईल.

कोटेशनवर सही करण्याआधी विक्रेत्याकडून तीन ओळी लेटरहेडवर लिहून घ्या: चिमटा काढल्यावर लेझर निघत नाही, इंटरलॉक टर्मिनल चालू आहेत, आणि गॉगल अमुक तरंगलांबीला अमुक ओडीचे आहेत. शेवटचं पेमेंट मशीन तुमच्या शेडमध्ये बसल्यावर, याच तीन तपासण्या परत करून मगच.