खिशातला जॉब

सकाळचे साडेदहा. फेब्रुवारी सरत आलाय आणि सांगलीचं ऊन आत्ताच पाठीला चावतंय. यंत्रांच्या प्रदर्शनाच्या मैदानावर फाटकाशी मोटारसायकलींच्या रांगा लागल्यात. एमएच १०, एमएच ११, मधूनच कराडची ५०, कोल्हापूरची ०९. सांगली-सातारच्या गाड्या हँडलला हँडल लावून उभ्या. १९४९ पासून १९६० पर्यंत सांगली जिल्ह्याचं नावच दक्षिण सातारा होतं. धंद्यापुरती दोन जिल्ह्यांची वाटणी अजून कुणी फारशी मनावर घेतलेली दिसत नाही. मागच्या रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत जातो. त्याचं गाणं आधी ऐकू येतं, ट्रॅक्टर नंतर दिसतो.

नावनोंदणीची रांग मंडपाच्या सावलीबाहेर आलीय. पुढे आयटीआयची पोरं, सगळी एका रंगाच्या शर्टात. त्यांच्यामागे एक साठीचे गृहस्थ. पांढरा शर्ट, डोक्याला टोपी, नखांच्या कडेला साबणानं न जाणारी काळी रेघ. सोबत मुलगा. टेबलामागची मुलगी विचारते, "काका, व्हिजिटिंग कार्ड?"

"न्हाई."

"फर्मचं नाव?"

"वर्कशॉप."

"हो, पण नाव काय?"

"पलूसात वर्कशॉपच म्हणत्यात."

मुलगी तसंच टाइप करते. मोबाइलवर ओटीपी येतो, मुलगा वाचून दाखवतो. गळ्यात निळ्या नाडीचं कार्ड पडतं. रांग दोन पावलं सरकते.

आत शिरल्यावर आधी जाणवतो तो वास. कूलंट, नवा रंग आणि पायाखालच्या कोऱ्या गालिचाचा. मग आवाज. कॉम्प्रेसरची एकसुरी घरघर, मधेच हवेचा फुसकारा, कुठेतरी बँडसॉ लोखंडात हळूहळू उतरतोय. वर कापडी छत तापलंय. मोठे कूलर गरम हवाच इकडून तिकडे ढकलतात. त्यांच्यासमोरची जागा कुणी सोडत नाही.

पहिल्या गल्लीत फायबर लेझर. पत्र्यावरून एक ठिणगी पळते आणि तिच्यामागे गणपतीचा आकार सुटा होतो. हाताला गरम लागणारा तो गणपती एक पोरगा रुमालात धरतो. गर्दी इथं सगळ्यात जास्त. खरेदी करणारे कमी, मोबाइल वर धरणारे फार.

पुढच्या गल्लीत सीएनसी लेथ. काचेचं दार बंद होतं. आत चक फिरतो, टूल पुढे येतं आणि काचेवर दुधासारखं पांढरं कूलंट आपटतं. खरं तर पाणीच ते, शेकडा पाच-सात भाग तेल मिसळलेलं. क्षणभर आतलं काही दिसत नाही. मग दार सरकतं. चकात ॲल्युमिनियमचं बुद्धिबळातलं प्यादं चमकत असतं. ऑपरेटर ते पुसून समोरच्याच्या हातात देतो. फुकट. दिवसभर हे यंत्र प्यादी काढतंय आणि एकाचीही ऑर्डर कुणी दिलेली नाही.

पलूसचे आप्पा प्यादं घेतात, अंगठ्याचं नख त्याच्यावरून फिरवतात. नख कुठेच अडत नाही. ते मान हलवतात आणि प्यादं परत टेबलावर ठेवतात.

मग पँटच्या खिशातून एक पुडकं निघतं. कॉटन वेस्टमध्ये गुंडाळलेलं. उलगडतात तर आत गनमेटलचा बुश, मुठीत मावेल एवढा, आतून-बाहेरून सोनेरी. पंपात शाफ्टला आधार देणारा. इथं बारकाईनं पाहिलं की कळतं, असं पुडकं आलेल्यातल्या पुष्कळांच्या खिशात आहे. कुणाकडे व्हॉल्व्हची बॉडी, कुणाकडे द्राक्षबागेच्या फवारणी पंपाचा पिस्टन. मुलगी दाखवायला नेल्यासारखं लोक आपापला जॉब, म्हणजे घडवलेला नग, गल्लीगल्लीतून फिरवतात.

"ह्येला किती टाइम?"

स्टॉलवरचा इंजिनिअर तरुण आहे, टाय घातलेला, गळ्याशी घामानं भिजलेला. तो बुशला व्हर्निअर लावतो, कॅल्क्युलेटर काढतो. "सर, पहिलं सेटिंग एक मिनिट चाळीस सेकंद. उलटा पकडून दुसऱ्या बाजूला एक मिनिट. दोन चाळीस धरा."

"आमच्या लेथवर अकरा मिन्टं लागत्यात," आप्पा सांगतात. आवाजात कमीपणा नाही.

"आणि अ‍ॅक्युरसी बघा सर. दहा मायक्रॉनच्या आत."

मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्यावरचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. आप्पा ज्या काळात हत्यार धरायला शिकले तेव्हा मिस्त्री सुतात बोलायचे. आठ सुतांचा इंच. म्हणजे एका सुतात ३,१७५ मायक्रॉन बसतात. सुतापासून मायक्रॉनपर्यंतची वाट आप्पा एकाच लेथवर, त्याच दोन हातांनी चालून आलेत. त्यांच्याही बुशवर नख कुठे अडत नाही.

मुलगा आता कंट्रोल पॅनेलशी आहे. डिप्लोमा करून तो शिरवळला एका कंपनीत असल्याच मशीनवर काम करतो. त्याची बोटं न बघता बटणांवर पडतात. "आप्पा, हेच की आमच्याकडं. मी चालवीन."

"तू नोकरी सोडून येणार?"

मुलगा पॅनेलकडे बघत राहतो.

इंजिनिअर कोटेशन लिहितो. अठरा लाख. त्यावर अठरा टक्के जीएसटी, तीन लाख चोवीस हजार. तो पुढे वळता होतो, पण आधी भरावा लागतो. बँकेचा माणूस शेजारीच खुर्ची टाकून बसलाय. तो हप्ता सांगतो, गोळी खाल्ल्यासारखा, एका घोटात. इंजिनिअर म्हणतो, "सर, तासाला तीनशे रुपये धरले, महिन्याला चारशे तास मशीन चाललं, की एक लाख वीस हजार. हप्ता आरामात निघतो."

आप्पा ऐकून घेतात. पलूसपासून किर्लोस्करवाडी हाकेच्या अंतरावर. १९१० साली औंध संस्थानातल्या निवडुंगाच्या माळावर तिथं कारखाना उभा राहिला, लोखंडी नांगर तयार व्हायला लागले. लोखंडानं जमीन नासते म्हणून शेतकरी सुरुवातीला ते नांगर घ्यायला तयार नसत, असं सांगतात. आप्पांच्या मनात तसली भीती नाही. त्यांना यंत्र पसंत आहे. त्यांचा हिशेब दुसरीकडेच अडलाय.

"पार्टी आठवड्याला दोनशे नग देती," ते सावकाश म्हणतात. "माझ्या लेथला पाच दिवस पुरत्यात. हिच्यावर सोमवारी लावलं तर मंगळवारी चहाच्या आत माल तयार. बरोबर?"

"बरोबर सर!"

"मग बुधवारी हिला काय खायला घालू?"

इंजिनिअर हसतो. मग त्याच्या लक्षात येतं की आप्पा हसत नाहीयेत. "सर, काम वाढेल की," तो म्हणतो. आप्पा बुश परत कॉटन वेस्टमध्ये गुंडाळतात.

दीड वाजतो. एकाएकी दिवे जातात. सगळे चक एकदम थांबतात आणि मंडपभर नुसत्या माणसांचा आवाज उरतो, जत्रेसारखा. जनरेटर खोकतो, धरतो. दिवे येतात. काचेमागे अर्धवट कापलेलं प्यादं तसंच उभं असतं. मान आहे, डोकं नाही.

शेवटच्या गल्लीत किरकोळ हत्यारांचे स्टॉल. इथं मात्र पाय ठेवायला जागा नाही. ड्रिल, टॅप, डायल, दहाच्या डबीतले इन्सर्ट. नोटा इथंच हलतात. आप्पा एक रिव्हॉल्व्हिंग सेंटर उचलतात, टोक तळहातावर टेकवून फिरवतात, कानाशी नेतात. पुन्हा फिरवतात. दुसरं घेतात. तिसऱ्यावर थांबतात. घासाघीस होते, पन्नास रुपये कमी होतात. जुन्या लेथची सोय झाली. कोटेशन मुलाच्या पिशवीत आहे, घडी न मोडलेलं.

बाहेर उन्हानं डोळे मिटतात. फाटकाशी रसाचा गाडा. आप्पा, मुलगा आणि सकाळपासून त्यांच्या मागोमाग फिरणारा मी, तिघंही नकळत तिकडेच वळतो. चरकाचे घुंगरू वाजतात, ऊस आत जातो, पिवळट रस गाळणीवर पडतो. मी ग्लासाकडे बघतोय. आप्पा मान तिरकी करून ऐकतायत. घुंगरांच्या खाली आणखी एक आवाज आहे, प्रत्येक फेऱ्याला एक ठक्.

"थांबीव जरा," ते रसवाल्याला म्हणतात. चरक थांबतो. ते वरचा लाट, म्हणजे रूळ, धरून हलवतात. लाट जागेवर खुळखुळतो.

"बुश गेलाय तुजा. लाट खातंय. पलूसला आणून दे, संध्याकाळी परत न्हे."

"कितीला?"

"आण तर आधी."

मुलगा ग्लास खाली ठेवतो. "आप्पा, एकच नग?"

आप्पा उत्तर देत नाहीत. खिशातून व्हर्निअर निघतो, आणि ते रसानं चिकट झालेल्या शाफ्टचं माप घ्यायला वाकतात.