पाच मायक्रॉनची फट

एका गाठीत १७० किलो रुई असते. तेवढी निघायला साधारण पाच क्विंटल कापूस लागतो. बोंडाला चार ग्रॅम धरले, तर सव्वा लाख बोंडं कुणीतरी उन्हात हातानं वेचलेली असतात. जळगाव-धुळ्याकडच्या जिनिंगमध्ये ही सगळी वेचणी शेवटी हायड्रॉलिक प्रेसखाली येते. २५ सेंटिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबानं तेल शिरलं की रुईवर १०० टनांचा भार पडतो.

हा भार तोलून धरतो व्हॉल्व्हमधला स्पूल. बोटाएवढी चकचकीत पोलादी दांडी. तेल लावून भोकात उभी सोडली, की स्वतःच्या वजनानं सावकाश खाली सरकते. दांडी आणि भोक यांच्यातली फट पाच-दहा मायक्रॉन. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास!

फट वाढली की गळती घनाच्या पटीत वाढते. पाच मायक्रॉनमधून मिनिटाला कपभर, म्हणजे १५० मिलिलिटर तेल निसटत असेल, तर १५ मायक्रॉनमधून २७ कप जातील. चार लिटर! निसटलेल्या तेलातली सगळी ताकद उष्णता होते. ६८ नंबरचं हायड्रॉलिक तेल ४० अंशांवरून ६०वर गेलं, की निम्म्याहून पातळ होतं आणि गळती आणखी दुप्पट. २०० बारला मिनिटाला आठ लिटर म्हणजे २.७ किलोवॅट. दिवसाचे सहा तास दाब आणि १२० दिवसांचा हंगाम धरला, तर १,९०० युनिटच्या वर वीज नुसतं तेल तापवण्यात गेली. आणि हे एकाच व्हॉल्व्हचं.

झिजवून फट वाढवतात ते डोळ्यांना न दिसणारे कण. चांगल्यापैकी स्वच्छ समजल्या जाणाऱ्या तेलातही मिलिलिटरला चार मायक्रॉनहून मोठे अडीच हजारांपर्यंत कण असू शकतात. मिनिटाला १०० लिटर फेकणारा पंप १२ तासांत १८,००० कोटी कण व्हॉल्व्हमधून फिरवतो. म्हणूनच कुणाला रुईच्या बोळ्यानं स्पूल पुसताना पाहिलं, की मला राहवत नाही. जिनिंगमध्ये रुई हाताशी असते हे खरं, पण तिचा एक तंतू केसाच्या चौथाई जाडीचा, म्हणजे त्या फटीहून जाड असतो.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे खाली एक थेंब पडत नाही. तेल आतल्या आत टाकीत परततं, पातळी तीच राहते. ‘प्रेस दाब धरत नाही’ म्हणून पंप बदलला जातो. त्याआधी प्रेस दाबावर असताना प्रत्येक व्हॉल्व्हच्या टाकीकडे जाणाऱ्या पाइपला बाहेरून तापमापक लावावा. जो पाइप बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेला, त्याचा स्पूल आधी उघडावा.